थेट बिंदुविदेचे नकाशाचिन्हांकन

थेट बिंदुविदेचे नकाशाचिन्हांकन म्हणजे सतत अद्ययावत होणारी, विशिष्ट स्थानाशी निगडित माहिती आंतरजालावरील नकाशावर दाखवताना तिच्या मूल्यांनुसार चिन्हांचा आकार, रंग व आकृती ठरवण्याची पद्धत होय. भूकंप, हवेची गुणवत्ता, पर्जन्यमान, नद्यांची पाणीपातळी आणि बसगाड्यांचे स्थान दाखवणाऱ्या नकाशांत ती वापरली जाते.

पार्श्वभूमी

फ्रेंच नकाशातज्ज्ञ जाक बेर्तँ यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्थान, आकारमान, छटा, पोत, रंग, दिशा व आकृती ही चिन्हांची दृश्य चले म्हणून मांडली. छापील नकाशासाठी केलेली ही मांडणी संगणकीय नकाशांनाही आधारभूत ठरली. २००५ साली गूगल नकाशे ही सेवा सुरू झाल्यावर लाल थेंबाकृती खूण सर्वत्र रूढ झाली. मात्र ही खूण केवळ 'कोठे' एवढेच सांगते. 'किती' आणि 'केव्हा' हे सांगण्यासाठी चिन्हात बदल करावा लागतो.

विदेचे स्वरूप

अशी विदा बहुधा जिओजेसन या स्वरूपात पुरवली जाते. २०१६ साली आरएफसी ७९४६ या दस्तऐवजाद्वारे ते प्रमाणित झाले. प्रत्येक नोंदीत निर्देशांक आणि गुणधर्म असे दोन भाग असतात. निर्देशांकांत रेखांश आधी व अक्षांश नंतर येतो. लीफलेटसारख्या काही ग्रंथालयांत स्वतंत्र बिंदू देताना हा क्रम उलटा असतो. क्रमाची गल्लत झाल्यास पुण्याचा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात उमटतो.

चिन्ह ठरवण्याची रीत

नकाशा ग्रंथालयात प्रत्येक नोंदीसाठी एक फलन चालवले जाते. ते गुणधर्म वाचून चिन्ह परत करते. त्यासाठी सामान्यतः पुढील संकेत पाळले जातात:

* प्रमाण दाखवण्यासाठी आकारमान वापरतात. वर्तुळाची त्रिज्या नव्हे, तर क्षेत्रफळ मूल्याच्या प्रमाणात ठेवतात. मूल्य चौपट झाल्यास त्रिज्या दुप्पट होते.
* प्रकारभेद दाखवण्यासाठी आकृती किंवा भिन्न रंग वापरतात.
* चढता क्रम दाखवण्यासाठी एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा वापरतात.
* बिंदूंची दाटी झाल्यास जवळचे बिंदू एकत्र करून त्यांची संख्या दाखवतात.

उदाहरण: भूकंपांचा नकाशा

अमेरिकेचे भूगर्भीय सर्वेक्षण भूकंपांची विदा दर मिनिटाला अद्ययावत करते. तिच्या नकाशावर वर्तुळाचे आकारमान भूकंपाची तीव्रता दर्शवते, तर रंग भूकंप होऊन किती वेळ झाला हे सांगतो: गेल्या तासातील लाल, गेल्या दिवसातील नारिंगी, आठवड्यातील पिवळा. तीव्रतेचे माप लघुगणकीय असते. एका एककाच्या वाढीमागे ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. क्षेत्रफळ ऊर्जेच्या प्रमाणात ठेवल्यास लहान भूकंप दिसेनासे होतील. म्हणून येथे तीव्रतेच्या अंकावरून आकारमान ठरवणे सोयीचे ठरते.

प्रारंभीच्या नोंदी स्वयंचलित असतात. तज्ज्ञांच्या तपासणीनंतर तीव्रता बदलू शकते, क्वचित नोंद रद्दही होते. त्यामुळे नवे बिंदू जोडणे पुरेसे नसते. प्रत्येक नोंदीच्या ओळखक्रमांकावरून जुने चिन्ह शोधून ते बदलावे किंवा काढावे लागते.

रंगांचा अर्थ

रंगांचे संकेत सार्वत्रिक नाहीत. भारताच्या राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांकात पिवळा रंग १०१ ते २०० या पट्ट्यासाठी आहे. अमेरिकी निर्देशांकात तो ५१ ते १०० साठी आहे. प्रदूषकांच्या मर्यादाही दोन्हींत वेगळ्या आहेत. म्हणून सूचीविना नुसता रंग पाहून दोन नकाशांची तुलना केल्यास दिशाभूल होते. लाल व हिरव्या रंगांत भेद करू न शकणाऱ्या वाचकांसाठी रंगासोबत अंक किंवा आकृती देणे आवश्यक ठरते.

मर्यादा

थेट नकाशातील सर्वांत गंभीर दोष सहसा नजरेस येत नाही. एखादे मापनयंत्र बंद पडले, तरी त्याचे शेवटचे मूल्य दाखवणारे हिरवे चिन्ह तसेच राहू शकते. धोका वाढत असताना वाचकाला सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. हे टाळण्यासाठी ठरावीक मुदतीनंतर चिन्ह राखाडी किंवा पोकळ करतात आणि मापनाची वेळ सोबत देतात. 'मूल्य शून्य' आणि 'मूल्य उपलब्ध नाही' यांसाठीही वेगळी चिन्हे लागतात. पाऊस न पडणे व पर्जन्यमापक बंद असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विदेतील वेळ बहुधा जागतिक समन्वित वेळेत असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने रूपांतर न केल्यास ताजी नोंदही जुनी भासते.

हे सुद्धा पहा

* नकाशाशास्त्र
* भौगोलिक माहिती प्रणाली
* ओपनस्ट्रीटमॅप
* वायू गुणवत्ता निर्देशांक