बोंबलाला धूर, पावाला चीज

आपल्या भागातल्या कुठल्याही आठवडे बाजारात सुकट-बोंबलांची ओळ शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. नाकच बरोबर घेऊन जाते. त्या वासाला नाक मुरडणारे पुष्कळ, आणि पिशवीत पिशवी घालून बोंबील घरी नेणारेही पुष्कळ. कित्येकदा माणसे तीच!

आमच्या कोपरगावला गोदावरी आहे, समुद्र नाही. ऊस, कालवे, साखर कारखाने आणि दूध ही इथली ओळख. बर्फाच्या गाड्या धावू लागण्यापूर्वी समुद्राची मासळी इतक्या आत यायची ती वाळूनच. ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच. कोळी बांधव दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टांगतात. ऊन-वारा पाणी ओढून घेतो, आणि उरलेल्या सुक्या बोंबलात वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. ऊसतोडीच्या कोपीवर भाकरीबरोबर तो का टिकून राहिला, हे वेगळे सांगायला नको.

युरोपच्या थंड, दमट हवेत उन्हाचा भरवसा नाही. शिवाय हेरिंग, सामन हे मासे तेलकट. तेल लवकर खवट होते. म्हणून तिकडच्या लोकांनी मासे मिठात मुरवून लाकडाच्या धुरावर धरले. धूर मासा सुकवतो, आणि त्यातली द्रव्ये कुजण्याला व खवटपणालाही आवर घालतात. आपल्या बोंबलात चरबी कमी आणि ऊन फुकट. मग धुराची गरज ती काय? तरीही आमच्या घरी तो धूर खायचाच. भाकऱ्या झाल्या, की आजी चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर बोंबील टाकायची.

मध्यंतरी पुण्याहून नात आली. तिकडच्या एका हॉटेलात खाल्लेल्या ‘स्मोक्ड फिश चीज सँडविच’चे कौतुक तिच्या तोंडून सरत नव्हते. त्याच संध्याकाळी मी बोंबील भाजायला घेतले, तर ओढणी नाकाला लावून म्हणाली, “आजी, खिडक्या लाव गं, शेजारी काय म्हणतील!” मला हसू आले, आणि थोडे वाईटही वाटले. इंग्रजी नाव मिळाले की धूर खानदानी होतो, आणि आपला असला की शेजाऱ्यांची भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी मी तिला आधी सांगून सँडविच केले. दोन सँडविचना मोठे दोन बोंबील पुरतात. डोके-शेपूट काढून ते खरपूस भाजावेत, वरवंट्याने ठेचून मधला काटा काढावा आणि चुरा करावा. चूल नसेल तर गॅसवर जाळी ठेवून भाजावेत आणि धुंगार द्यावा: चुऱ्याच्या पातेल्यात वाटी ठेवून तीत पेटता कोळसा, त्यावर तुपाचे दोन थेंब, आणि पाच मिनिटे घट्ट झाकण. मग बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि चीजचे दोन क्यूब किसून घालावेत. मीठ घालू नये. चीज आणि लोणी दोन्ही खारेच असतात. पावाला बाहेरून लोणी लावून दांड्याच्या टोस्टरमध्ये मंद आचेवर भाजावे. आच मोठी केली तर पाव करपतो आणि आतले चीज तसेच राहते.

डब्यातले प्रोसेस्ड चीज इथे उत्तम. ते बनवतानाच त्यात घातलेल्या क्षारांमुळे वितळताना तूप सुटत नाही, आणि बोंबलाचा कोरडा चुरा ते धरून ठेवते. बोंबलाचा उग्रपणाही मवाळ होतो.

नातीने एक पूर्ण संपवले आणि दुसऱ्यातले अर्धे मागितले. खिडक्या उघड्याच होत्या. मुलांना घरचा पदार्थ आवडावा असे वाटत असेल, तर तो करताना आपणच आधी दारे-खिडक्या लावून घेणे सोडायला हवे.