अकरा खाटा आणि एक वाक्य

संस्थेचे ध्येयवाक्य ऐकायला चांगले वाटावे, हे खरेच. पण त्याचा खरा उपयोग आहे तो अडचणीच्या वेळी निर्णय घेताना. असे वाक्य कसे तयार होते आणि ते कसे पारखून घ्यावे, याविषयी.

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी 1976 मध्ये मदुराईत सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय 58 होते. तरुणपणीच जडलेल्या संधिवाताने हाताची बोटे वाकडी झाली होती आणि त्याच बोटांनी त्यांनी हजारो लोकांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी 11 खाटांचे छोटे रुग्णालय सुरू केले. भांडवल थोडे होते, मदतीला भावंडे आणि नातलग होते. उद्दिष्ट मात्र एका ओळीत मावणारे होते : जे अंधत्व टाळता येते, ते उरू द्यायचे नाही. आज ‘अरविंद’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था जगातील सर्वांत मोठ्या नेत्रसेवा संस्थांत गणली जाते.

आपल्याकडे ध्येयवाक्यांची कमतरता नाही. महाविद्यालयांना ‘नॅक’च्या मूल्यांकनासाठी व्हिजन आणि मिशन लिहावेच लागते. बँका, पतसंस्था, रुग्णालये, न्यास, कंपन्या या सगळ्यांच्या दर्शनी भागात तसा फलक असतो. त्यावर गुणवत्ता, उत्कृष्टता, नावीन्य, सर्वांगीण विकास हे शब्द असतात. शब्द चांगलेच आहेत. पण ते कोणत्याही संस्थेच्या फलकावर तसेच्या तसे बसतात. त्यामुळे तिथे काम करणाऱ्या माणसाला उद्या सकाळी नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही. मदुराईच्या वाक्यातून ते कळत होते.

वाक्यातून निघालेले निर्णय

मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते. म्हणजे पैसे नाहीत, डॉक्टर दूर आहे किंवा इलाज आहे हेच माहीत नाही, एवढ्या कारणावरून जो माणूस अंधारात बसला आहे, तो प्रत्येक जण या संस्थेची जबाबदारी ठरतो. रुग्ण दाराशी येईल तेव्हा पाहू, ही सोय त्या वाक्याने ठेवलीच नाही. म्हणून गावोगाव नेत्रशिबिरे सुरू झाली.

शिबिरात तपासणी झाली, शस्त्रक्रिया फुकट आहे असे सांगितले, तरीही अनेक जण येईनात. कारणे शोधल्यावर कळले की बसभाडे, जेवण, सोबत येणाऱ्याचा बुडणारा रोज आणि मनातली भीती या गोष्टी आड येत होत्या. ‘आम्ही मोफत सेवा देतो’ एवढेच संस्थेचे ध्येय असते, तर तिचे कर्तव्य तिथे संपले असते. ध्येय अंधत्व हटवण्याचे होते, म्हणून रुग्णांना रुग्णालयात नेण्या-आणण्याची आणि त्यांच्या जेवणाची सोय करण्यात आली.

पुढचा प्रश्न वेळेचा होता. डॉक्टर मोजके आणि रुग्ण अगणित. तेव्हा शस्त्रक्रियागृहात दोन टेबले शेजारी मांडली गेली. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्याची तयारी होते आणि डॉक्टरचा वेळ वाया जात नाही. तयारीची आणि शुश्रूषेची कामे खेड्यापाड्यांतून निवडून प्रशिक्षित केलेल्या मुली सांभाळतात. ऐपत असलेल्यांच्या शुल्कातून गरिबांचा खर्च निघतो. डोळ्यात बसवायचे आयात भिंग गरिबाला परवडत नव्हते. तेव्हा 1992 मध्ये ‘ऑरोलॅब’ उभारून भिंगेच स्वस्तात तयार करायला सुरुवात झाली. एखाद्या रुग्णालयाने भिंगांचा कारखाना का काढावा, याचे उत्तर त्या एका ओळीत आधीच होते.

गडचिरोलीतला धडा

महाराष्ट्रातही असा दाखला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. त्यांनी समोर ठेवलेले चित्र ‘आरोग्य-स्वराज्या’चे होते : लोकांचे आरोग्य लोकांच्याच हाती. मोठे रुग्णालय बांधणे हे ध्येय असते, तर काम वेगळ्या दिशेने गेले असते. इथे आदिवासींना परके वाटू नये म्हणून रुग्णालय त्यांच्या वस्तीसारखे, झोपड्यांच्या रूपात उभे राहिले आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. नवजात बाळे मरत होती तेव्हा उपाय गावातच शोधला गेला. गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले आणि त्या घरी जाऊन बाळाची काळजी घेऊ लागल्या. या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात घरोघरच्या नवजात बालसेवेचा समावेश झाला.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. या ध्येयांत संस्था स्वतःविषयी बोलत नाही. ‘आम्ही अग्रगण्य होऊ’, ‘आम्ही पहिल्या क्रमांकावर जाऊ’ असे त्यात नाही. आपण काम केले तर बाहेरच्या माणसाच्या आयुष्यात काय बदलेल, हे त्यात आहे. माणसे झटतात ती अशा बदलासाठी. संस्थेचा क्रमांक वाढावा म्हणून रात्री दोन वाजता कोणी आनंदाने उठत नाही. बाळ वाचावे म्हणून उठते.

लिहायचे कसे?

व्यवस्थापनशास्त्रात या विषयावर भरपूर विचार झाला आहे. जिम कॉलिन्स आणि जेरी पोरस यांनी 1996 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त केलेली मांडणी आजही उपयोगी पडते. त्यांच्या मते संस्थेच्या दृष्टीचे दोन भाग असतात : कधीही न बदलणारी मूल्ये व हेतू, आणि त्या आधारावर रंगवलेले, धाडसी वाटावे असे भविष्याचे चित्र. पद्धती, इमारती, योजना बदलत राहतात, गाभा टिकतो.

प्रत्यक्ष लिहायला बसताना सुरुवात शब्दांपासून करू नये, प्रश्नांपासून करावी. आपण नेमके कोणासाठी आहोत? आपली संस्था उद्या बंद झाली तर कोणाचे काय अडेल? वीस वर्षांनी आपले काम यशस्वी झाले, तर त्या माणसाचा दिवस आजच्यापेक्षा कसा वेगळा असेल? हे प्रश्न विश्वस्तांना विचारावेत, तसेच शिपायाला, लेखनिकाला, चालकाला आणि मुख्य म्हणजे ज्यांची सेवा करतो त्यांनाही विचारावेत. उत्तरे सगळ्यांकडून घ्यावीत, पण मसुदा एक-दोघांनीच लिहावा. समितीत प्रत्येकाचा एकेक शब्द घालत गेले की वाक्य लांबते आणि त्याची धार जाते.

मसुदा तयार झाला की तो चार कसोट्यांवर घासून पाहावा.

पहिली : संस्थेचे नाव झाकून दुसऱ्या संस्थेचे घाला. वाक्य तरीही चपखल बसत असेल, तर ते आपले नाही.

दुसरी : या वाक्यामुळे आपण कशाला नकार देणार? देणगी मोठी, पण काम ध्येयाबाहेरचे असेल, तर ‘नाही’ म्हणायचे बळ त्या वाक्यात हवे.

तिसरी : व्यवस्थापनतज्ज्ञ जॉन कॉटर यांनी सांगितलेली. आपली दृष्टी पाच मिनिटांत समोरच्याला समजावता आली नाही आणि त्याला त्यात रस वाटला नाही, तर काम अजून अपुरे आहे.

चौथी, सर्वांत कठोर : यंदाचे अंदाजपत्रक शेजारी ठेवा. ज्या गोष्टीला आपण ध्येय म्हणतो, तिच्यावर पैसा आणि माणसांचा वेळ खर्च होतो आहे का? होत नसेल तर वाक्य तरी बदलावे किंवा खर्च तरी.

या शेवटच्या कसोटीला उतरलेले एक ब्रीद आपल्याकडेच आहे. रयत शिक्षण संस्थेने ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हटले आणि तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ योजनेतून ते विद्यार्थ्यांच्या रोजच्या वेळापत्रकात आणले. ब्रीद आणि वेळापत्रक असे जुळले की फलक नसला तरी चालतो.

राज्यातील सहकारी संस्थांना दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. न्यास आणि मंडळांच्याही सभा होतात. अहवाल, ताळेबंद, लाभांश हे विषय त्यात येतातच. या वर्षी विषयपत्रिकेत आणखी एक विषय घाला : आपली संस्था कोणासाठी आहे आणि त्यांच्यासाठी काय बदलायचे आहे. त्याला अर्धा तास द्या, मागच्या रांगेतल्या सभासदाला आधी बोलू द्या आणि निघालेले उत्तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर छापा.