दप्तर आणि संगणक

प्रत्येक जुन्या कचेरींत एक तरी असा कारकून असतो, कीं ज्याला विचारल्यावांचून हवा तो कागद हातीं लागत नाहीं. अमुक प्रकरण कोणत्या सदराखालीं नोंदलें आहे, मागील साहेबांचा शेरा कोणत्या पानावर आहे, हें त्यालाच ठाऊक. अशा कचेरींत एके दिवशीं संगणकावरील दप्तरव्यवस्था येते. बारनिशीची वही मिटते, आणि वीस वर्षांचा तो जाणता मनुष्य एका सकाळीं पुन्हां उमेदवार होऊन बसतो. नवी पद्धति लोक उचलीत नाहींत, यंत्राला भितात, असें मग वरिष्ठ मंडळी म्हणूं लागतात. परंतु खिशांतील मोबाईलवरून बँकेचे व्यवहार उरकणारा मनुष्य यंत्राला काय म्हणून भिईल? त्याला बोचतें तें आपलें महत्त्व गेल्याचें शल्य.

नव्या व्यवस्थेची गरज वादाची नाहीं. २१ जून २०१२ रोजीं मुंबईंत मंत्रालयाला आग लागली, तींत कित्येक खात्यांच्या फाइली जळाल्या. कागदाची एकच प्रत असली म्हणजे ती गेल्यावर नागरिकाचा अर्ज, त्यावरील टिपणी व निर्णय हीं सारीं एकदमच नाहींशीं होतात. संगणकावरील नोंदीला २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें मान्यताही दिलेली आहे. प्रश्न आहे तो इतकाच, कीं ही व्यवस्था कारकुनाच्या हातीं रुळावी कशी.

याचा एक चांगला नमुना राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रानें तयार केलेल्या 'ई-ऑफिस'मध्यें सांपडतो. ही व्यवस्था २००९ पासून सरकारी कचेऱ्यांत येऊं लागली. सरकारी टिपणी हिरवट कागदावर लिहिण्याचा परिपाठ जुना. म्हणून पडद्यावरही टिपणीची जागा हिरवीच ठेविली आहे. आलेलीं पत्रें तिच्या शेजारीं दिसतात. कच्चें टिपण पिवळ्या पानावर करतां येतें. तें हवें तितक्या वेळां बदलावें किंवा टाकून द्यावें. हिरवें टिपण मात्र फाइलीबरोबर पुढें गेलें कीं कायम झालें. फाईल खालून वर जाते, वरून खालीं येते, ती पूर्वींच्याच पायऱ्यांनीं. बाहेरच्याला हें यंत्राला कागदाचें सोंग देणें वाटेल. पण त्या सोंगानेंच निम्में शिक्षण वांचतें.

बोटांचेंही तसेंच. मराठी टंकलेखन यंत्रावर आयुष्य घालविलेल्या माणसाला नवी कळरचना शिकावयास लावण्यापेक्षां जुन्या रेमिंग्टन रचनेचा पर्याय संगणकावर चालू करून द्यावा. तो उपलब्ध असतो. पुष्कळ ठिकाणीं कोणी सांगतच नाहीं.

शिकविण्याची रीतही बदलली पाहिजे. सभागृहांत पन्नास जणांना बसवून दिवसभर पडद्यावर चित्रें दाखविल्यानें जांभयांपलीकडे फारसें कांहीं निष्पन्न होत नाहीं. प्रत्येकानें स्वतःच्या टेबलावरील चालू प्रकरण घ्यावें आणि तेंच शेवटपर्यंत न्यावें. अडल्यास विचारावयास त्याच शाखेंतील एक जण असावा; दूरध्वनीवर ताटकळावें लागलें कीं हात आपोआप जुन्या वहीकडे वळतो.

सर्वांत नाजूक काम सदरांचें. एकाच रस्त्याच्या तक्रारी एकानें 'रस्ते दुरुस्ती', दुसऱ्यानें 'खड्डे' व तिसऱ्यानें 'सार्वजनिक बांधकाम' अशा नांवांनीं नोंदल्या, तर शोधतांना संगणक तिन्ही एकत्र आणीलच असें नाहीं. कागद हरवत नाहीं, पण सांपडतही नाहीं. येथें त्या जुन्या कारकुनाची खरी गरज लागते. सदरांची यादी त्यानें करावी, नवीं नांवें त्याला विचारून द्यावीं. असें जेथें होतें तेथें तोच मनुष्य इतरांना शिकवूं लागतो. जेथें यादी बाहेरच्या कंपनीकडून तयार होऊन येते, तेथें तो गप्प बसतो, आणि वर्षभरानें सारे पुन्हां त्यालाच विचारीत येतात.

कागद व पडदा हे दोन्ही दीर्घकाळ एकदम चालविणें हा तर दुहेरी जाच. ठराविक तारखेपासून येणारें टपाल आवक टेबलावरच स्कॅन व्हावें, चालू फाइली पुढच्या खेपेस चढवाव्या, आणि निकालांत निघालेल्या जुन्या प्रकरणांना मागणी येईपर्यंत हात लावूं नये.

वरिष्ठांचें काय? "छापून आणा, मग पाहतों," असें साहेब एकदां म्हणाले, कीं खालची सारी शिकवणी आठवड्यांत वाया गेली. त्यांच्या नाखुषीचें एक कारण सहसा बोललें जात नाहीं: कोणाच्या टेबलावर फाईल किती दिवस पडून होती, तें ई-ऑफिसमध्यें तारीखवार दिसतें.