घड्याळ कोणाच्या हातात? कबड्डीची तिसरी चढाई आणि अमेरिकेतला वेगाचा वाद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. मी जुईनगरहून बोलतोय. दिवसा कोड लिहितो, रात्री खेळांचे नियम वाचत बसतो. आजचा प्रश्न: सामना किती वेगाने चालावा, हे ठरवायचं कोणी?

एक साधं गणित करू. कबड्डीचा सामना आहे, तुमचा संघ ३ गुणांनी पुढे आहे आणि ३ मिनिटं उरलीत. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. दोन्ही बाजूंनी पूर्ण वेळ घेतला तर चढाया उरल्या ६, तुमच्या ३ आणि त्यांच्या ३. आता तुमचा चढाईपटू काय करेल? निदानरेषा ओलांडेल, जरा पाय नाचवेल आणि सुखरूप परत येईल. गुण शून्य, पण ३० सेकंद गेले. समोरचे कितीही घाई करोत, तुमच्या पाळीचं घड्याळ तुमच्याच हातात. पुढे असलेल्या संघाने हेच करत राहायचं ठरवलं तर सामना तिथेच संपल्यात जमा.

यावरचा उपाय म्हणजे तिसऱ्या चढाईचा नियम, आपण ज्याला ‘डू ऑर डाय’ म्हणतो. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायलाच हवा. नाही आणला तर चढाईपटू बाद आणि समोरच्यांना गुण. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि पुढे या लीगमुळे हा नियम घराघरात पोचला. टीव्हीला रिकामा वेळ परवडत नाही, हे उघड आहे.

आता गंमत बघा. त्याच २०१४ मध्ये अमेरिकेत बरोबर उलटा वाद पेटला होता. तिथे कॉलेजांचं फुटबॉल प्रचंड चालतं. फुटबॉल म्हणजे ते हेल्मेटवालं, अंगावर धडकायचं. त्यात प्रत्येक डावाआधी संघ गोल करून उभा राहतो आणि पुढची चाल ठरवतो. या गोलाला म्हणतात हडल. पुढचा डाव सुरू करायला ४० सेकंद मिळतात. काही प्रशिक्षकांनी विचार केला, गोल करायचाच कशाला? लांबून खुणा करायच्या आणि लगेच पुढचा डाव सुरू. ओरेगनच्या चिप केली यांचा संघ यासाठी गाजला.

हल्ला करणाऱ्यांनी खेळाडू बदलला तर बचावालाही बदलायला वेळ द्यावा लागतो. पण हल्ला करणाऱ्यांनी कोणीच बदलला नाही तर तसा वेळ मिळत नाही. मग बचावाचे तेच दमलेले धिप्पाड गडी धापा टाकत पुन्हा उभे. म्हणजे इथे वेग हेच हत्यार झालं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये नियम समितीने प्रस्ताव आणला: बचावाला खेळाडू बदलता यावेत म्हणून ४० पैकी पहिल्या १० सेकंदांत डाव सुरूच करायचा नाही. प्रत्येक अर्धाची शेवटची दोन मिनिटं तेवढी मोकळी. कारण दिलं खेळाडूंच्या सुरक्षिततेचं. अलाबामाचे निक सेबन आणि आर्कान्साचे ब्रेट बिलेमा हे नावाजलेले प्रशिक्षक त्या बाजूने बोलले, आणि दोघांचेही संघ सावकाश, ताकदीचं खेळणारे. वेगवाले भडकले: दुखापती वाढल्याचा पुरावा कुठे आहे? मार्चमध्ये प्रस्ताव बाजूला पडला. पुढे सेबन यांनी लेन किफिन यांना हाताशी घेऊन स्वतःच्याच संघाचा वेग वाढवला!

मला या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटतात, कारण नियम एकमेकांच्या विरुद्ध असले तरी भांडण एकच आहे. प्रत्येक जण खेळाच्या भल्याचं बोलतो आणि त्याच्या संघाला सोयीचं तेच नेमकं खेळाचं भलं निघतं. त्यामुळे ‘वेगवान चांगलं की सावकाश चांगलं’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते हे: घड्याळ कोणाच्या हातात आहे, आणि दम कोणाला खाता येत नाही?

दम या शब्दावर थांबू या, कारण कबड्डीत तो नुसता थकव्याचा शब्द नाही. आपल्या हुतूतूत चढाई किती वेळ चालणार, हे चढाई करणाऱ्याची छाती ठरवायची. एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं, दम तुटला की संपलं. घड्याळ खेळाडूच्या आत होतं. ३० सेकंदांच्या मर्यादेने ते पंचांच्या हातात गेलं आणि तिसऱ्या चढाईने त्याला अजून एक काटा लावला.

यात गमावलं काय? रिकामी चढाई म्हणजे निव्वळ टाइमपास नसते. अनुप कुमार, यू मुंबाचा कर्णधार, ज्याच्या नेतृत्वाखाली २०१५ चं विजेतेपद आलं, त्याचा शांतपणा आठवा. कुठला कोपरा आधी हलतो, कोण उतावळा आहे, हे जोखायला चढाई खर्च करावी लागते. प्रत्येक चढाईत गुण सक्तीचा केला तर ही कला मरेल.

शिवाय तिसऱ्या चढाईत ‘हा आत येणारच’ हे बचावाला माहीत असतं. चढाईपटूला परत फिरायची सोय नाही, सातही जण टपलेले. अशा वेळी अंगावर येणारी पकड साहजिकच जोरकस असते. त्यामुळे पकड भक्कम असलेला संघ समोरच्याला मुद्दाम तिसऱ्या चढाईपर्यंत ढकलतो. रटाळपणा मोडायला आणलेला नियम, आणि संयमी संघांनी त्याचंच हत्यार केलं. आम्हा कोडवाल्यांना हे ओळखीचं आहे: नवा नियम टाकला की लोक आधी त्यातली फट शोधतात.

तरी मी या नियमाच्या बाजूचा आहे, कारण तो वेग लादत नाही, नुसता सावकाशपणाला कुंपण घालतो. दोन चढाया तुझ्या, तिसरी खेळाची. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला हरवून विजेतेपद घेतलं ते २८-२५ असं. ४० मिनिटांत दोघांचे मिळून ५३ गुण. म्हणजे नियम आला तरी संयमाचा खेळ शिल्लक आहे.

पण उद्या कोणी म्हणालं की दुसरीच चढाई ‘डू ऑर डाय’ करा, रील्स भारी होतील, तर मी विरोधात असेन. लीगच्या संघाकडे राखीव खेळाडू असतात, फिजिओ असतो. गल्लीतल्या मंडळाचा पोरगा दिवसभर काम करून संध्याकाळी मैदानात उतरतो. टीव्हीसाठी केलेला नियम त्याच्यापर्यंतही पोचतो आणि गुडघा त्याचा असतो.

तुमच्यापैकी कोणी मंडळाकडून खेळत असेल तर व्हॉइस नोट पाठवा: तिसऱ्या चढाईला तुमच्या अंगावर काय येतं? पुढच्या भागात ते ऐकू. तोवर दम धरा!