चेहरा एकीचा, गळा दुसरीचा!

दोस्तांनो, मालवणात सकाळी दारावरून हाळी येते, "बांगडे व्हयेत काय गो?" आई स्वयंपाकघरातूनच ओळखते, आज कोण आली ते. टोपली दिसायच्या आधी आवाज घरात पोचलेला असतो! आणि त्या आवाजावर आईचा विश्वासही असतो. ही कालचा मासा आजचा म्हणून गळ्यात मारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

जाहिरातीतलं गाणंही हेच काम करतं, बरं का! वस्तू हातात येण्याआधी आवाज कानात शिरतो आणि आपल्याला ती वस्तू ओळखीची वाटू लागते. फरक एवढाच, की हाळी देणारी बाई आपल्याला दिसते. टीव्हीवर साबण लावणारी, केस उडवणारी, चहा पिऊन हसणारी मुलगी दिसते खरी, पण गाणारी बहुतेक वेळा दुसरीच असते. कोण असते ती? आज तिचीच गोष्ट.

तीस सेकंदांचं गाणं

आकाशवाणीच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १९६७ साली, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. दूरदर्शनवर त्या आल्या १ जानेवारी १९७६ पासून. जाहिरातीच्या चिमुकल्या गाण्याला 'जिंगल' म्हणतात. ते कधी तीस सेकंदांचं, तर कधी फक्त दहा! तेवढ्यात सूर लागला पाहिजे, आवाजात हसू पाहिजे आणि वस्तूचं नाव अगदी स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. सिनेमाच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये जरा दम खाता येतो. इथं ती सोय नाही!

म्हणूनच जिंगल ही गायिकांची फार चांगली शाळा आहे. 'मिस्टर इंडिया' (१९८७) मध्ये धमाल गाणाऱ्या कविता कृष्णमूर्तींचं उदाहरण घ्या. कॉलेजात असताना त्यांचं गाणं मन्ना डे यांनी ऐकलं आणि त्यांना जिंगल गायला बोलावलं. म्हणजे त्यांचं नाव देशाला कळण्याआधी त्यांचा आवाज कितीतरी घरांत जाऊन आलेला होता!

धबधब्याखालची आणि माइकसमोरची

१९७५ सालची लिरिल साबणाची जाहिरात तुमच्या आईबाबांना विचारा. ते लगेच सांगतील, "हो, ती धबधब्याखालची मुलगी!" ती मुलगी म्हणजे कॅरेन लुनेल. तो धबधबा होता तामिळनाडूत, कोडाईकॅनालजवळ. गाण्यात शब्द जवळजवळ नव्हतेच, होते ते नुसते खळाळते सूर. ते गाणारी होती प्रीती सागर आणि संगीतकार होते वनराज भाटिया. भाटियांनी आयुष्यात सात हजारांहून अधिक जिंगल केल्या, असं सांगतात. कॅरेन लुनेलचा चेहरा लोकांच्या लक्षात राहिला, गाणंही राहिलं. गाणारीचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक!

पण ह्याच प्रीती सागरची दुसरी गोष्ट अगदी उलट आहे. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा चित्रपट आला. तो काढला कोणाच्या पैशांवर, माहीत आहे? गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या! प्रत्येकानं दोन दोन रुपये दिले होते. आपल्या स्मिता पाटील त्यात होत्या. त्यातलं 'मेरो गाम काठा पारे' हे गाणं प्रीती सागरनं गायलं, चाल पुन्हा वनराज भाटियांचीच. त्याबद्दल तिला १९७८ चं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. पुढं अमूलनं हेच गाणं टीव्हीवरच्या जाहिरातीत वापरलं. गाणं तयार झालं सिनेमासाठी आणि घराघरांत रुजलं जाहिरातीतून!

जपानची तऱ्हा

जपानात तर लोकप्रिय गाणं आणि टीव्हीवरची जाहिरात ह्यांची जोडीच जमली आहे. नवं गाणं बाजारात येतं तेच एखाद्या जाहिरातीचा हात धरून. १९८० साली शिसेइदो ह्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला 'एकुबो' नावाच्या वस्तूची जाहिरात करायची होती. एकुबो म्हणजे गालावरची खळी. सेइको मात्सुदा नावाची एक नवी मुलगी चाचणीला आली. पण गंमत अशी, की तिच्या गालाला खळीच पडेना! मग पडद्यावर दुसरी मुलगी आली आणि सेइकोनं नुसतं गाणं म्हटलं. ते तिचं पहिलंच गाणं. लोक विचारू लागले, "हा आवाज कुणाचा?" पुढं १९८० ते १९८८ ह्या काळात तिची लागोपाठ चोवीस गाणी जपानच्या यादीत पहिल्या नंबरावर गेली!

१९९३ साली 'पोकारी स्वेट' ह्या पेयाच्या जाहिरातीत 'झार्ड' ह्या गटाचं गाणं वाजलं. गायिका होती इझुमी साकाई. ती टीव्हीवर क्वचितच दिसायची, तरी तिच्या गाण्याच्या लाखो प्रती खपल्या. तिथल्या अशा जाहिरातींत पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत गायिकेचं आणि गाण्याचं नाव बऱ्याचदा झळकतं. अक्षरं छोटी, पण मोलाची!

नाव कसं मिळतं?

आता तुम्ही म्हणाल, "गाणं आवडलं की झालं! नाव कशाला हवं?" मग ही गोष्ट ऐका. १९४९ साली 'महल' चित्रपटातलं 'आएगा आनेवाला' खूप गाजलं. पण तबकडीवर गायिकेचं नाव काय होतं? 'कामिनी'! म्हणजे सिनेमातल्या नायिकेचं. गाणारी वीस वर्षांची मुलगी कुठंच नव्हती. रेडिओकडे पत्रांचा पाऊस पडला, "खरी गायिका कोण, सांगा!" शेवटी रेकॉर्ड कंपनीकडून नाव मिळवून ते रेडिओवर सांगितलं गेलं, लता मंगेशकर. मालवणापासून फार दूर नसलेल्या गोव्यातल्या मंगेशीवरून त्यांचं आडनाव आलं, हे तुम्हांला ठाऊक असेलच. एवढ्या मोठ्या गायिकेलाही नाव मिळालं, ते ऐकणाऱ्यांनी विचारलं म्हणून!

पडद्यावर चेहरा येतो तसं नाव आपोआप येत नाही. आवाज ही गाणाऱ्याची मेहनत आहे. वर्षानुवर्षांचा रियाझ त्या तीस सेकंदांत ओतलेला असतो.

मग एक करून बघा. टीव्हीवर जाहिरात लागली की क्षणभर डोळे मिटा. आवाज कुणाचा वाटतो? आईला, संगीताच्या बाईंना विचारा, शोधा. सापडलेलं नाव वहीत लिहून ठेवा. दुसराही खेळ करता येईल. आपल्या मालवणी बोलीत खाज्याची नाहीतर सोलकढीची दहा सेकंदांची जिंगल रचा आणि घड्याळ लावून गा. दहा सेकंदं किती छोटी असतात, ते तेव्हा कळेल!

आणि हो, गाणं गोड आहे म्हणून वस्तूही चांगलीच, असं मात्र समजू नका. गाण्याला दाद द्या, वस्तू पारखून घ्या. आणि जिंगल वर्गात म्हणून दाखवलीत, तर कुणी रचली आणि कुणी गायली, ते आधी सांगायला विसरू नका!