पाकिटावरील धोक्याची खूण

खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील हिरव्या ठिपक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तो दिसला की पदार्थ शाकाहारी आहे, हे लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही कळते. परंतु त्याच पाकिटात साखर किती, मीठ किती व चरबी किती हे जाणून घ्यावयाचे असेल तर पाकीट उलटे करावे लागते, चष्मा शोधावा लागतो, आणि एवढे करून हाती येते ते बारीक आकड्यांचे एक कोष्टक. तो आकडा कमी की अधिक, हे तेथे लिहिलेले नसते. दर्शनी बाजूस मात्र गव्हाची लोंबी किंवा संत्र्याची फोड छापलेली असते.

ही अडचण दूर करण्याचा एक साधा मार्ग दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाने दाखविला. तेथील मुलांमध्ये लठ्ठपणा फार वाढला होता. बऱ्याच वादानंतर २०१२ साली कायदा झाला आणि जून २०१६ पासून तो अमलात आला. ज्या पदार्थात साखर, मीठ किंवा चरबी वरून घातलेली आहे आणि ज्यात साखर, सोडियम, संपृक्त चरबी किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहेत, त्याच्या पाकिटावर समोरच काळा अष्टकोन छापावयाचा आणि त्यात ‘साखर अधिक’, ‘सोडियम अधिक’ असे ठळक लिहावयाचे. दोष तीन असतील तर अष्टकोनही तीन. अशी खूण असलेला माल शाळेत विकण्यास मनाई झाली आणि मुलांना भुलविणारी चित्रे पाकिटांवरून काढावी लागली.

याचा परिणाम काय झाला? पहिल्या दीड वर्षात खूण असलेल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. दुसरा परिणाम कारखान्यांत दिसला. आपल्या मालावर काळी खूण नको म्हणून अनेकांनी साखर व मीठ कमी केले. काहींनी साखरेऐवजी कृत्रिम गोडी घातली, हेही खरे. म्हणून मेक्सिकोने २०२० मध्ये असाच नियम केला तेव्हा, कृत्रिम गोडी असलेला पदार्थ मुलांना देऊ नये, अशी सूचनाही पाकिटावर सक्तीची केली.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत, आणि सर्व राज्यांत गोव्याचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे प्रौढांमध्ये २६.४ टक्के आढळले. शंभरात सव्वीस! मधुमेहाची कारणे अनेक आहेत. सगळा दोष पाकिटांवर टाकणे बरोबर नाही. परंतु आम्ही घरोघरी भेटीस जातो तेव्हा पूर्वी गूळ-शेंगदाणे किंवा पोहे पुढे येत, आता बहुधा बिस्किटांची बशी येते. मधुमेही गृहस्थ साखरेविना चहा घेतात आणि त्यात तीच बिस्किटे बुडवून खातात. बिस्किटातील साखर दिसत नाही, म्हणून ती मोजली जात नाही.

आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये तारे देण्याच्या पद्धतीचा मसुदा काढला. त्यात साखर-मिठाचे दोष आणि तंतू, फळे वगैरेंचे गुण यांची वजाबाकी करून पदार्थाला अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे द्यावयाचे होते. अनेक डॉक्टरांनी यास हरकत घेतली. तारा म्हणजे बक्षीस असे सामान्य माणूस समजतो; एक तारा मिळालेला पदार्थही त्याला थोडाफार चांगलाच वाटेल. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याबाबतच्या शिफारशी तीन महिन्यांत तयार करण्यास सांगितले.

दर्शनी खूण नसली तरी मागचे कोष्टक आपल्या हाती आहे. चिलीने २०१९ पासून घन पदार्थांसाठी लावलेली मापे वाचकांनी एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावावीत. दर १०० ग्रॅममध्ये:

साखर १० ग्रॅमपेक्षा जास्त,
सोडियम ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त,
संपृक्त चरबी ४ ग्रॅमपेक्षा जास्त,
उष्मांक २७५ किलोकॅलरीपेक्षा जास्त, तर धोक्याची खूण समजावी.

पेयांना दर १०० मिलिलिटरमध्ये साखरेची मर्यादा ५ ग्रॅम आहे.

वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ‘एका वाढणीत’ असा रकाना असल्यास तो सोडून १०० ग्रॅमचाच रकाना पाहावा; वाढणी दोन बिस्किटांची धरली की कोणताही आकडा लहान दिसतो. दुसरी, सोडियम म्हणजे मीठ नव्हे. त्याला अडीचने गुणावे. समजा, झटपट नूडल्सच्या एका पाकिटात १००० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर ते अडीच ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. म्हणजे निम्मे मीठ एका बशीत संपले. तिसरी, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल, किंवा आपल्या स्वयंपाकघरात कधी न येणाऱ्या पदार्थांची नावे लांबत गेली असतील, तर तो पदार्थ रोजच्या खाण्याचा नव्हे. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली ज्यांना ‘अतिप्रक्रियायुक्त’ म्हटले, ते पदार्थ याच जातीचे.

घरचे लोणचे आणि पापड यांवर कोष्टक नसते, पण मीठ असतेच. रक्तदाब असणाऱ्यांनी तेथेही हात आवरावा. उलट आपल्याच शेतातील भाजलेली शेंग, उकडलेले रताळे, नाचणीची आंबील यांना कोणत्याच खुणेची गरज नाही. आपण शेंगा बाजारात विकतो आणि त्याच पैशात मुलांसाठी खारट कुरकुऱ्या पाकिटांची माळ घरी आणतो, हा व्यवहार तोट्याचा आहे.

या आठवड्यात शाळेतील मुलांनी एक काम करावे. घरात असलेली पाकिटे जमवून मागचे आकडे वाचावेत, आणि जे मापाबाहेर जाईल त्यावर काळ्या शाईने स्वतःच अष्टकोन काढावा. किती पाकिटे कोरी राहिली ते वडीलधाऱ्यांना मोजून दाखवावे. पुढच्या बाजाराची यादी मग त्यावरून करावी.