ऐंशी वर्षांचं मौन

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात वेल्स नावाचं लहानसं शहर आहे. तिथल्या वृद्धाश्रमात हॅरी पॅच राहत. वयाची शंभरी जवळ आलेली. रात्री अर्धवट झोपेत असताना खोलीबाहेरच्या चादरींच्या कपाटातला दिवा कुणी लावला, की त्यांच्या डोळ्यांपुढे तोफगोळा फुटे. तो खरोखर फुटला होता पहिल्या महायुद्धात, २२ सप्टेंबर १९१७च्या रात्री, बेल्जियममध्ये.

पॅच यांचा जन्म १७ जून १८९८चा, बाथ शहरालगतच्या कूम डाउन गावातला. वडील दगडकाम करणारे गवंडी. हॅरीनं १९१३मध्ये शाळा सोडली आणि प्लंबरच्या हाताखाली उमेदवारी धरली. थोरला भाऊ सैन्यात होता, बेल्जियममधल्या माँसला जखमी झाला होता. खंदकातलं जिणं काय असतं हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर हौसेनं लढायला जाण्याचा प्रश्नच उरला नाही. पण सक्तीची भरती सुरू झाली आणि १९१६मध्ये हॅरीला जावंच लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर पोहोचला. ३१ जुलैला सुरू झालेली तिथली तिसरी लढाई पॅशनडेलच्या नावानं ओळखली जाते. पावसानं आणि तोफांनी जमिनीचा असा राडा केला होता, की जखमी माणूस चिखलात बुडून मरे. हॅरी लुईस मशिनगनवर होता. एका गनवर पाच जण. या पाचांनी आपसांत ठरवलं होतं, की शक्यतो कुणाचा जीव घ्यायचा नाही. पायांवर नेम धरायचा. एकदा संगीन रोखून धावत येणारा जर्मन शिपाई समोर आला. हॅरीजवळ पिस्तूल होतं. त्यानं आधी खांद्यावर, मग गुडघ्यावर, मग घोट्यावर गोळी झाडली. जीव वाचवला, स्वतःचा आणि त्याचाही.

सप्टेंबरच्या त्या रात्री गोळा डोक्यावर फुटला आणि पाचांतले तिघे नाहीसे झाले. पुरायलाही काही उरलं नाही. हॅरीच्या अंगात छर्रा घुसला आणि तो मायदेशी परतला. बरा होत असताना एडा भेटली. १९१८च्या सप्टेंबरात दोघांचं लग्न झालं. युद्ध संपायला अजून दोन महिने होते.

इथून पुढचं आयुष्य चारचौघांसारखं आहे, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. पॅच पुन्हा नळकामाकडे वळले. ब्रिस्टलचा विल्स मेमोरियल टॉवर आज पर्यटक मान वर करून बघतात. त्याच्या बांधकामावर ते प्लंबर होते. दोन मुलगे झाले. दुसऱ्या महायुद्धात लढायचं वय उलटलेलं होतं, म्हणून अग्निशमन दलात काम धरलं आणि १९४२च्या एप्रिलात बाथवर बॉम्ब पडले तेव्हा आगी विझवल्या.

एडाबरोबर अठ्ठावन्न वर्षं संसार झाला. १९७६मध्ये ती गेली. या सगळ्या काळात पॅशनडेलबद्दल नवऱ्यानं तिच्यापाशी अवाक्षर काढलं नाही. युद्धपट पाहिले नाहीत. दरवर्षी ११ नोव्हेंबरला, युद्धसमाप्तीच्या दिवशी, सारा देश फुलं वाहायचा. यांचा दिवस २२ सप्टेंबर. घरच्यांना कळायचं ते एवढंच, की त्या दिवशी ह्यांना बोलवत नाही. याला कुटुंबवत्सलता म्हणावं की सैनिकानं मोजलेली किंमत? मला वाटतं, दोन्ही. त्यांनी युद्ध घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवलं, पण त्यासाठी आयुष्यभर स्वतः उंबरठ्यावर पहारा दिला.

१९९८मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमासाठी बीबीसीनं त्यांना गाठलं. शंभर वर्षांचा माणूस पहिल्यांदा बोलला, आणि मग थांबला नाही. २००४मध्ये ते बेल्जियमला जाऊन शार्ल क्युन्त्स या जर्मन बाजूनं लढलेल्या समवयस्काला भेटले. युद्ध म्हणजे सरकारी परवानगीनं केलेला खून, असं ते म्हणत. एव्हाना बायको नव्हती, दोन्ही मुलगेही नव्हते. ज्यांना सांगायचं होतं त्यांना सोडून सगळ्या जगाला त्यांनी सांगितलं.

२५ जुलै २००९ रोजी, १११व्या वर्षी, ते गेले. पश्चिम आघाडीच्या खंदकांत लढलेला तो शेवटचा ज्ञात सैनिक. वेल्सच्या कॅथीड्रलमधल्या अंत्यविधीला बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचे सैनिकही शवपेटीसोबत चालले. त्यांच्या इच्छेनुसार एकाच्याही हाती शस्त्र नव्हतं, शोभेची तलवारसुद्धा नाही.

हे सारं वाचताना मला आठवतात आपल्याकडच्या संगमरवरी पाट्या. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांवर हिंदी माणसं परदेशी गेली. चौऱ्याहत्तर हजारांवर परतली नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी गावोगाव पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा-रत्नागिरीकडे अशी पाटी दिसली, तर उभं राहून एक वजाबाकी करावी. गेलेल्यांतून मेलेले वजा केले की उरतात ते परत आलेले. त्यांनी शेती केली, मुलं वाढवली, आणि कुणी विचारलं नाही म्हणून काही न सांगता गेले. त्या पाटीवर त्यांच्यासाठी वेगळा आकडासुद्धा नाही.